बाहेरचं पुन्हा आणता येतं

आमच्या सिडकोतल्या घरात जिन्याखाली एक खोली आहे. वाकून आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं, एवढीच. तिथं सहा वर्षं एक यंत्र अखंड घरघरत होतं. मागच्या वर्षी ते बंद केलं आणि त्या जागी गव्हाची कोठी आली. घरातल्यांना हायसं वाटलं. मी मात्र अजूनही दुपारी घर शांत झालं की कानोसा घेते. पंख्याचा सूर चढला की समजायचं, काम वाढलंय. मध्येच टकटक ऐकू आली की समजायचं, डिस्क थकली. हे कुणाजवळ बोललं की लोक हसतात. नासेरभाई हसले नसते. पण ते आता मुलाकडं हैदराबादला असतात, आणि फोनवर आम्ही गुडघ्यांबद्दलच बोलतो.

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी संगणक विभागात होते आणि नासेरभाई नेटवर्क बघायचे. निवृत्त झालो तेही एकाच वर्षी. निरोपसमारंभात मला साडी मिळाली, त्यांना घड्याळ मिळालं. खरा आनंद झाला तो कारखान्यानं मोडीत काढलेला एक सर्व्हर घरी न्यायची परवानगी मिळाली याचा. त्यावर आम्ही 'खुशाली' सुरू केलं.

'खुशाली' काय होतं ते सांगते. आपण रोज वापरतो त्या समाजमाध्यमांचा सगळा कारभार मोठ्या कंपन्यांच्या हातात असतो. तुम्हाला काय दिसावं हेही त्याच ठरवतात. याला दुसरीही एक रीत आहे. कुणीही आपल्या यंत्रावर स्वतःचं छोटं समाजमाध्यम मांडायचं, आणि जगभरातली अशी हजारो छोटी ठिकाणं एकमेकांना निरोप पोचवत राहतात. माझ्याकडचा माणूस तुमच्याकडच्या माणसाचं वाचू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो. मालक कुणी नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते सांभाळायला लागतो तो जीव मात्र आपला आपण घालायचा.

सुरुवातीला आम्ही साठेक जण होतो. करमाडचे गुरांचे डॉक्टर, दोन-तीन शिक्षक, परदेशात गेलेली इकडची काही पोरं. सगळे आपल्या बोलीत लिहायचे. 'लई ऊन हाय' एवढंच कुणी लिहिलं तरी जर्मनीतून उत्तर यायचं, 'इथं बर्फ हाय, थोडं ऊन इकडं पाठवा.' पुढं एका मोठ्या माध्यमानं आपले नियम बदलले, लोक चिडले, आणि पंधरा दिवसांत आमच्या साठांचे नऊशे झाले.

मग आमची परीक्षा सुरू झाली.

पहिली तक्रार करमाडच्या डॉक्टरांचीच आली. त्यांच्या ओळखीतल्या एकाची म्हैस हरवली होती. डॉक्टरांनी सकाळी लिहिलं, 'म्हैस हरवली, कुणाला दिसली तर सांगा.' दुपारी म्हैस शेंद्र्याच्या बाजूला सापडली, तेही त्यांनी लिहिलं. बाहेरच्या ठिकाणी असलेल्या लोकांना 'म्हैस सापडली' आधी पोचलं आणि 'म्हैस हरवली' दुसऱ्या दिवशी. एकदा हरवलेली म्हैस लोकांनी सापडल्यानंतर परत शोधायला घेतली.

"मॅडम," डॉक्टर फोनवर म्हणाले, "म्हशीचा मालक मला विचारतोय, दुसरी कोणती हरवली म्हणून."

त्याचं कारण असं. तुम्ही एक ओळ लिहिता तेव्हा ती तुमच्या वाचकांच्या प्रत्येक ठिकाणी पोचवावी लागते. त्यासाठी निरोपांची रांग लागते आणि यंत्रातले कामकरी, म्हणजे छोटे प्रोग्राम, एकेक निरोप उचलून पोचवतात. समोरचं ठिकाण बंद पडलेलं असलं तर कामकरी दार वाजवत उभा राहतो, मग कंटाळून परत येतो आणि तो निरोप रांगेच्या मागं ठेवतो. बंद दारं वाढली की जिवंत लोकांचे निरोप त्यांच्यामागं अडकतात.

मी सरळ उपाय केला, कामकरी वाढवले. दहाचे पन्नास केले. तर साइटच उघडेना! तीस वर्षांचा अनुभव असलेली बाई स्वतःच्या घरात डोक्याला हात लावून बसली. नासेरभाई आले, त्यांनी चहा घेतला, पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, खिडकी एकच है. तुमने सामने पचास आदमी खडे कर दिए. अब गिऱ्हाईक अंदर आएगा कैसा?"

खरंच तसं होतं. प्रत्येक कामकऱ्याला माहितीच्या साठ्याशी, म्हणजे डेटाबेसशी, एक जोडणी लागते आणि अशा जोडण्या मोजक्याच असतात. त्या सगळ्या कामकऱ्यांनीच धरून ठेवल्या होत्या. मग आम्ही कामकरी पंधरावर आणले, जोडण्या वाटून देणारा एक मध्यस्थ बसवला आणि रांगेचे तीन भाग केले. आपल्या लोकांचं काम आधी, बाहेर पोचवायचं त्यानंतर, आणि चित्रं-आवाज सगळ्यांत शेवटी. बंद ठिकाणांची यादी करून त्यांची दारं वाजवणं थांबवलं. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी कारखान्यात कधी केलं नव्हतं इतकं काम केलं, आणि कधी हसलो नव्हतो इतके हसलोही. साइट पाण्यासारखी धावायला लागली. डॉक्टरांनी लिहिलं, 'आता म्हशी वेळेवर हरवू लागल्या.'

हा काळ मला सगळ्यांत जास्त आठवतो. तो अजून थोडा टिकला असता तर बरं झालं असतं.

कारण मग डिस्क भरली. बाहेरच्या माणसानं टाकलेलं चित्र किंवा आवाज आपल्याकडं कुणी पाहिलं-ऐकलं की त्याची एक प्रत आपल्या यंत्रावर उतरते. पुढच्या वेळी ती लगेच दिसावी म्हणून ही सोय असते. नऊशे माणसं जगभरातलं पाहत होती, त्यामुळं आमच्या डिस्कवर आमचं कमी आणि जगाचं जास्त झालं. एका रविवारी सकाळी जागा इतकी कमी उरली की डेटाबेस थांबायच्या बेतात आला.

यावरचा उपाय पुस्तकातच आहे. बाहेरून आलेल्या जुन्या प्रती पुसून टाकायच्या. कुणाला पुन्हा लागल्या तर यंत्र त्या मूळ ठिकाणाहून परत आणतं. आमच्या धंद्यातला नियमच तो, आपलं जपायचं, बाहेरचं पुन्हा आणता येतं. रोजची राखीव प्रतसुद्धा मी फक्त आपल्या लोकांच्या सामानाची ठेवत असे.

नासेरभाई म्हणाले होते, "पुसने के पहले एक बार कहीं उतार के रखते, मॅडम. क्या मालूम."

"एवढं ठेवायचं कुठं?" मी म्हणाले. "आणि आहे काय त्यात? लोकांची मांजरं आणि जेवणाची ताटं."

जुनं पुसणार अशी सूचना मी साइटवर लावली होती, हे खरं. ती कोण वाचतं, हेही मला माहीत होतं. एका आज्ञेनं एक महिन्याहून जुनं सगळं बाहेरचं पुसून टाकलं. दुपारी चारपर्यंत अर्ध्याहून जास्त डिस्क मोकळी झाली. मी नासेरभाईंना पेढा दिला.

बुधवारी रावसाहेब आले. कन्नडच्या एसटीनं स्थानकावर उतरले आणि रिक्षानं विचारत विचारत घरी पोचले. हे गृहस्थ साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता निवृत्त. 'खुशाली'वर त्यांचं नाव मी पाहिलं होतं, पण ते स्वतः कधी काही लिहीत नसत. पाणी घेतलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, लेकीचा आवाज येईना झालाय. जरा बघता का?"

त्यांची लेक अर्चना पक्ष्यांची नोंद करायचं काम करत असे. गौताळ्याच्या जंगलात फिरायची, पक्ष्याचा आवाज टिपायची आणि त्याच्याच शेवटी स्वतःच्या आवाजात पक्ष्याचं नाव, जागा आणि मनात येईल ते सांगायची. हे सगळं ती पुण्यातल्या चार पक्षीमित्रांनी चालवलेल्या एका छोट्या ठिकाणावर टाकत असे. वडिलांना ऐकता यावं म्हणून तिनंच त्यांना आमच्याकडं खातं काढून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वरानं चार दिवसांत ती गेली.

"रोज सकाळी च्या झाला की एक ऐकतो," रावसाहेब म्हणाले. "रोज एकच. सगळे संपले की पुन्हा पहिल्यापासून. रविवारपासून नुसतं गोल फिरतंय."

मी पाहिलं. अर्चनाचं लिखाण सगळं जागेवर होतं. आवाजाच्या जागी यंत्र मूळ ठिकाणाहून प्रत आणायचा प्रयत्न करत होतं, आणि ते मूळ ठिकाण वर्षभरापूर्वीच बंद झालं होतं. चौघा मित्रांनी निरोपाची सूचना लावून ते बंद केलं होतं. रावसाहेबांना ते कळायचं कारणच नव्हतं, कारण आमच्या डिस्कवरच्या प्रती त्यांना रोज ऐकू येत होत्या. जगात त्या कुठं उरल्या असतील तर आमच्याकडं, आणि त्या मी रविवारी पुसल्या होत्या.

"तिच्या फोनमध्ये असतील की, दादा?" मी विचारलं.

"तो फोन तिच्या भावानं साफ करून वापराया घेतला. मला काय म्हाईत, हे तिथून जाईल म्हणून? तिथं तर हायच की, असं वाटायचं."

मी तेव्हा जे बोलले ते मला आजही टोचतं. मी म्हणाले, "दुरुस्ती चालू आहे, दादा. थोडे दिवस लागतील."

त्यांचा चेहरा केवढा खुलला! "मंग हरकत नाय. मला वाटलं गेलंच की काय." जाताना त्यांनी पिशवीतून सीताफळं काढून ठेवली.

नासेरभाईंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "गलती हुई सो हुई. झूट कायकू बोले?"



आम्ही साइट दोन दिवस बंद ठेवली. पुसलेलं सामान डिस्कवरून उकरून काढायची साधनं असतात, पण ती जागा पुन्हा वापरली गेली नसेल तरच ती उपयोगाची. रविवारपासून बुधवारपर्यंत जगभरातली नवी मांजरं आणि ताटं येऊन त्या जागेवर बसली होती. हाती आले ते तुकडे. एका तुकड्यात अर्धी शीळ होती आणि मग नुसती खरखर. पुण्याच्या चौघांपैकी एकाला फोन लावला. तो बिचारा रडवेला झाला. त्यांचं यंत्र भाड्याचं होतं, परत देताना सगळं गेलं होतं.

रावसाहेबांचा रोज सकाळी फोन यायचा, चहाच्या वेळेला. "ताई, झालं का?" मी म्हणायची, "चालू आहे." फोन ठेवताना ते कधी रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

मग सुचलं. अर्चनाचा आवाज जसा आमच्याकडं उतरला होता, तसा तिचे वाचक असलेल्या प्रत्येक ठिकाणी उतरला असणार. तिच्या लिखाणाखाली कुणाकुणाची पसंती होती, कुणी उत्तरं दिली होती, ती नावं आमच्या डेटाबेसमध्ये शाबूत होती. ती मी एकेक करून वहीत उतरवली. एकोणीस ठिकाणं निघाली. प्रत्येक ठिकाण चालवणाऱ्याला मी पत्र लिहिलं. घडलं ते सगळं, माझ्या चुकीसकट.

सहा ठिकाणं बंद झालेली होती. बाकीच्यांची उत्तरं एकेक करून आली. सगळी भली माणसं, आणि सगळ्यांनी तेच केलेलं जे मी केलं होतं. कुणी महिन्यानं पुसत होतं, कुणी आठवड्यानं. एकानं लिहिलं, 'हे वाचून आज मी पुसायचं थांबवलंय.' त्याचा मला काही उपयोग नव्हता, तरी ते पत्र मी ठेवलं आहे.

अकराव्या दिवशी नॉर्वेतून उत्तर आलं. समुद्रकाठच्या एका गावातल्या वाचनालयात काम करणाऱ्या बाईंचं. त्या शाळेतल्या मुलांना दूरदेशीच्या पक्ष्यांचे आवाज ऐकवत असत, म्हणून अर्चनाचे आवाज त्यांनी स्वतःच्या संग्रहात उतरवून ठेवले होते. तेवीस होते, आणि त्यांनी ते सोबत पाठवले होते. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'मला तुमची भाषा येत नाही. मुलांना फक्त पक्षी ऐकू यावेत म्हणून मी बोलणं कापून टाकलं होतं. त्यात कुणाचं काय आहे हे मला कळलं नाही. मला क्षमा करा. एकाच आवाजात पक्षी आणि बोलणं एकमेकांत मिसळलेलं होतं, ते मला कापता आलं नाही. ते तसंच आहे.'

मी बावीस पक्षी ऐकले. टिटवी, पावशा, तांबट, कोतवाल. प्रत्येक आवाज संपायचा आणि जिथं ती बोलली असेल तिथं काहीच नसायचं. मग तेविसावा ऐकला, आणि नासेरभाईंना फोन करून सांगितलं, मी उद्या कन्नडला जातेय.

"सच बोलना," एवढंच ते म्हणाले.

रावसाहेबांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. दार उघडंच होतं. त्यांनी सतरंजी टाकली, आत कुणाला तरी चहाची हाक दिली. मी चहा यायच्या आधी बोलून टाकलं. दुरुस्ती वगैरे काही चालू नव्हती, तो आवाज मीच पुसला, जागा हवी म्हणून पुसला, आणि तुम्ही घरी आलात तेव्हा मी खोटं बोलले.

ते सतरंजीचा काठ बोटांनी सरळ करत राहिले. मग म्हणाले, "तुम्हीच पुसलं?"

"हो."

"म्हाईत नसताना?"

"माहीत असतं तर पुसलं नसतं. पण विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही."

"मंग आता कशापायी आल्या?"

मी पिशवीतून छोटा स्पीकर काढला आणि नॉर्वेच्या बाईंची हकीकत सांगितली. बावीस आवाजांत तिचं बोलणं नाही, एकातच आहे, हेही सांगितलं. मग तो एक लावला.

नवरंग पक्ष्याची शीळ होती, दोन सुरांची, पुन्हा पुन्हा. खाली वाळल्या पाल्यावर कुणाची तरी पावलं वाजत होती. शीळ चालू असतानाच एक मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, थांबा ना. चपला काढा. उडून जाईल तो." आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, "काटे हायत गं." मग ती हसली, तोंडावर हात धरून हसल्यासारखी, आणि शीळ थांबली.

रावसाहेबांनी डोळे मिटले होते. "काढल्या होत्या म्या चपला," ते म्हणाले. "काटा बी मोडला. तिनंच काढला."

त्यांनी तो चार वेळा लावायला सांगितला. मग म्हणाले, "आता ते बाकीचे लावा."

"त्यात ती नाही, दादा."

"लावा तुम्ही."

मी पहिला लावला. टिटवी ओरडली आणि आवाज संपला. खोली गप्प झाली. आणि त्या गप्प जागेत रावसाहेब हळूच म्हणाले, "ही टिटवी. अंडी जमिनीवरच घालती, म्हणून आपल्यावर वरडती. तिला वाटतं आपण चोर."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की ते लेकीचं बोलणं बोलत होते. रोज एक ऐकून ऐकून ते त्यांना पाठ झालं होतं. दुसरा लावला, त्यांनी तेही म्हटलं. तिसरा, चौथा. म्हणताना त्यांचा सूरसुद्धा थोडा बदलायचा, वाक्याच्या शेवटी वर जायचा, तिचा जात असेल तसा.

पाचवा पावशा होता. पक्षी थांबला आणि रावसाहेब म्हणाले, "हा पावशा. ह्याच्या आवाजानं माझी आई पेरणीची घाई करती."

"तसं नाय म्हणली ती," आतल्या दारातून आवाज आला.

रावसाहेबांची पत्नी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. मघापासून तिथंच असावी. रावसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. लेक गेल्यापासून ती त्या आवाजांच्या जवळ कधी बसत नाही, असं त्यांनी मला फोनवर एकदा सांगितलं होतं. सकाळी त्यांनी फोनवर आवाज लावला की ती उठून चुलीकडं जायची.

"'घाई करती' नाय," ती म्हणाली. "'ह्याच्या आवाजानं माझी आई उगंच घाई करती, अन् मंग आबाला बोलती.' असं म्हणली ती. तुम्ही रोज तेवढं सोडून देता."

तिनं कप खाली ठेवले, पदराला हात पुसले, आणि नवऱ्याशेजारी सतरंजीवर बसली.

"पुढचा लावा, ताई," ती म्हणाली.